अक्काला कबूल नाही

‘आधी कोण बसणार?’ कॅमेऱ्यामागच्या ऑपरेटरनं विचारलं आणि मी अक्काला कोपरानं बाजूला सारून खुर्चीत बसले.

ही माझी जन्माची खोड. रेशनचं दुकान असो, लग्नाची पंगत असो, नाही तर दातांचा डॉक्टर असो, आधी मी. त्या दिवशीची रांग सांगलीतल्या दुय्यम निबंधकांच्या ऑफिसातली होती आणि महिना मे होता. छताचा पंखा फिरत होता, पण वारा फक्त साहेबांच्या टेबलावरच्या कागदांना लागत होता. साहेब तिशीतले, सर्दी झालेले. मे महिन्यात सर्दी होणाऱ्या माणसाबद्दल मला आधीच आदर वाटेना.

‘दस्त वाचलात?’ त्यांनी रुमालातून विचारलं.

‘वाचला.’ वाचला नव्हता.

‘मजकूर कबूल आहे? स्वखुशीनं सही केलीत? कुणाचं दडपण वगैरे?’

‘माझ्यावर दडपण आणणारा अजून जन्मायचाय,’ मी म्हटलं. ‘पूर्ण स्वखुशीनं. भावासाठी एवढं तर करणारच ना माणूस! लिहून घ्या तसं.’

‘तसं लिहायला जागा नसते,’ साहेब म्हणाले. ‘अंगठा ठेवा.’

मी अंगठा ठेवला. फोटोला हसले. ऑपरेटर म्हणाला, हसू नका मॅडम. मग गंभीर होऊन दुसरा फोटो काढला. मागं उभा असलेला माझा धाकटा भाऊ शिवानंद माझ्याकडे असा बघत होता, जणू मी त्याला मूत्रपिंड दिलंय. मला फार बरं वाटलं. आणि मग खुर्चीत अक्का बसली.

पुढचं सांगण्याआधी आम्ही कोण ते सांगते. आम्ही तिघं भावंडं. थोरली गिरिजा, म्हणजे अक्का, तेव्हा अठ्ठावन्न वर्षांची. मधली मी, निर्मला. पुण्यात टेलिफोन खात्यात नोकरी, युनियनमध्ये पुढारीपण, आणि दर आठ मार्चला कुठल्या ना कुठल्या महिला मंडळात भाषण. विषय ठरलेला: ‘स्त्री आणि मालमत्ता’. टाळ्या हमखास. धाकटा शिवा सांगलीतच, शेतीपंपांचं दुकान, बायको रेखा, दोन मुलं, स्वतःचं बैठं घर.

अक्काचं लग्न एकोणिसाव्या वर्षी झालं आणि एकविसाव्या वर्षी ती ट्रंक घेऊन परत आली. काय झालं ते तिनं सांगितलं नाही आणि आमच्या आईनंही विचारलं नाही. आई सरकारी दवाखान्यात नर्स होती. वडील लवकर गेले. आईनं नोकरीच्या जोरावर सांगलीतल्या विश्रामबागेत सोसायटीतला दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला, एकटीच्या नावावर. अक्का सकाळी बालवाडी चालवायची आणि उरलेला दिवस आईबरोबर असायची. शेवटची सहा वर्षं आई अंथरुणाला होती, तेव्हा अक्का रात्रंदिवस तिच्याबरोबर होती. मी पुण्याहून महिन्यातून एकदा यायचे, सफरचंदं आणायचे, डॉक्टरला झापायचे आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायचे. मला वाटायचं, घरातला खरा कर्ता पुरुष मीच.

आई गेल्यावर वर्षभरात शिवानं गिऱ्हाईक आणलं. एसटीच्या वर्कशॉपमधले ऐनापुरे आणि त्यांची बायको. भाड्याच्या खोल्यांत वीस वर्षं काढलेली माणसं, फ्लॅटच्या ओट्यावरून हात फिरवताना त्या बाईंचे डोळे भरून आले होते म्हणे. शिवाला वाटत होतं, सोसायटीच्या फॉर्मवर नॉमिनी म्हणून आपलं नाव आहे, तेव्हा मालक आपणच. ऐनापुरेंच्या वकिलानं त्याला खाली उतरवलं. देशिंगकर म्हणून म्हातारे वकील होते. ते म्हणाले, ‘नॉमिनी म्हणजे वारसांच्या वतीनं टपाल घेणारा माणूस. घर तिघांचं आहे. तिन्ही वारसांची व्यवस्था कागदावर दाखवा, मग माझा अशील घेईल.’

एजंट तांबोळीनं लगेच व्यवस्था सुचवली. ‘दोघी बहिणींचं हक्कसोडपत्र करून घेऊ. त्यांनी हिस्सा सोडला की मालक एकच, विक्रीच्या सहीला माणूस एकच. सगळीकडं असंच करतात.’

शिवानं मला पुण्याला फोन केला. बिचारा चाचरत होता. ‘ताई, वकील म्हणतायत की तुमचा पण... म्हणजे कायद्यानं... तुझं काय म्हणणं...’

‘अरे, मला काय करायचंय तो हिस्सा? घे तू. कुठं सही करायची तेवढं सांग.’

एवढं मोठं मन मी अर्ध्या मिनिटात दाखवलं. पलीकडे त्याचा आवाज भरून आला. ‘आणि अक्काचं काय, ती आमच्याकडंच राहील. मागची खोली आहेच की.’

‘मग झालं तर,’ मी म्हटलं.

अक्काला मी फोन केला नाही. काय करायचा? ती हो म्हणणार हे आम्हांला ठाऊक होतं. अक्का नाही म्हणाल्याचं कुणाला आठवतच नव्हतं.

त्या दिवशी सकाळी ऑफिसबाहेर टायपिस्टच्या टेबलाशी आम्ही जमलो. वर निळी ताडपत्री, खाली घाम. तांबोळी पानं उलटून ‘इथं, इथं आणि इथं’ म्हणत होता. मी ‘इथं, इथं आणि इथं’ सह्या केल्या. अक्कानं मात्र पिशवीतून चष्मा काढला, पदरानं पुसला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागली. सहा पानं. एकेका शब्दावर बोट ठेवून.

‘अक्का, टोकन येईल आपलं,’ तांबोळी म्हणाला.

‘येऊ दे की.’ तिनं पान उलटलं. ‘यात माझं नाव आहे. विक्रीचा कागद होईल, त्यात असणार का?’

‘त्यात कशाला? तुम्ही सोडलंच की.’

‘म्हणजे विकणारा शिवा.’

‘बरोबर.’

‘आणि मी?’

‘तुम्ही सोडणाऱ्या.’

मला हसू आलं. ‘अक्का, कर गं सही. ऊन डोक्यावर आलंय. परीक्षा आहे का तुझी?’

अक्कानं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, तिला पेन हवंय, म्हणून मी पेन दिलं. तिनं तिच्या बालवाडीच्या गोल अक्षरात सहाही पानांवर सह्या केल्या.

तर आता ती खुर्चीत बसली होती. पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला, पिशवी मांडीवर.

‘दस्त वाचलात?’ साहेबांनी विचारलं.

‘वाचला.’

‘मजकूर कबूल आहे? स्वखुशीनं सही केलीत?’

‘नाही.’

ऑपरेटरनं सवयीनं अंगठ्याचं यंत्र पुढं सरकवलं. ‘अंगठा इथं ठेवा.’

‘ठेवत नाही,’ अक्का म्हणाली.

साहेबांनी रुमाल खाली ठेवला. तोपर्यंत मला त्यांचं नाक दिसलं नव्हतं. ‘बाई, ही सही तुमची आहे ना?’

‘माझीच आहे. वाचूनच केली.’

‘मग?’

‘तुम्ही विचारलंत स्वखुशीनं का, म्हणून सांगते. स्वखुशीनं नाही.’

‘कुणी जबरदस्ती केली?’

‘छे! जबरदस्ती कोण करणार?’ अक्कानं शिवाकडे आणि माझ्याकडे पाहिलं, अगदी मायेनं. ‘ही चांगली माणसं आहेत. यांनी मला विचारलंच नाही. विचारणारे तुम्ही पहिलेच.’

मागच्या बाकावर कुणीतरी फसकन हसलं. तांबोळी पुढं आला. ‘साहेब, वय झालंय, जरा गोंधळ झाला. अक्का, फक्त हो म्हणायचं असतं.’

‘मग विचारतात कशाला?’ अक्का म्हणाली.

 साहेबांनी एक शिंक दिली, डोळे पुसले आणि एकदम वेगळ्या, स्वच्छ आवाजात म्हणाले, ‘बाई, घाई नाही. मला एकच उत्तर द्या. हा दस्त तुम्हांला कबूल आहे की नाही?’

‘कबूल नाही.’

‘ठीक आहे. यांच्यापुरता दस्त नाकारतो.’

शिवाचा चेहरा राखेसारखा झाला. मी मात्र, खरं सांगते, हरखून गेले. पंचवीस वर्षं ज्या विषयावर टाळ्या घेतल्या, तो विषय माझ्या डोळ्यांदेखत खुर्चीत बसून बोलत होता. मी पुढं झाले. ‘शाबास अक्का! साहेब, माझंही रद्द करा.’

‘तुमचं झालं,’ साहेब म्हणाले.

‘अहो, पाचच मिनिटं झाली.’

‘कबुली झाली, अंगठा झाला, फोटो झाला. तुमच्यापुरता दस्त नोंदला जाईल.’

‘पण आता मलाही कबूल नाही!’

‘मॅडम, तुम्ही पूर्ण स्वखुशीनं म्हणालात. मला आठवतंय.’ त्यांनी पुन्हा रुमाल नाकाला लावला. ‘सगळ्या ऑफिसला आठवतंय. पुढचं टोकन.’

बाहेर पायऱ्यांवर शिवा फुटला. त्याला ओरडायची सवय नाही, त्यामुळे आवाज मध्येच चिरकत होता. ‘सगळ्यांसमोर, अक्का! परक्या माणसांसमोर! मी काय तुझं घर लुटतोय? मी तुला सांभाळणार नव्हतो का?’

झेरॉक्सच्या दुकानापाशी ऐनापुरे नवरा-बायको उभे होते. त्यांना आमच्यातलं काही कळत नव्हतं, पण घर हातचं गेलं एवढं कळलं होतं. बाईंनी तोंडावर पदर धरला होता.

अक्का शिवाला ओलांडून सरळ त्यांच्याकडे गेली. ‘रडू नका. घर तुम्हालाच. मी विकायला तयार आहे, फक्त सोडायला नाही. तुमच्या वकिलांना विचारा, त्यांना माहीत आहे.’

ऐनापुरे डोकं खाजवत म्हणाले, ‘म्हणजे त्या तुम्हीच काय? देशिंगकर वकील सांगत होते, गेल्या आठवड्यात एक बाई आल्या, कॅलेंडरच्या पानामागं लिहून आणलेले चौदा प्रश्न विचारून गेल्या म्हणून.’

‘पंधरा,’ अक्का म्हणाली.

आम्ही दोघं भावंडं तिच्याकडे बघत राहिलो. ती वकिलाकडे एकटी गेली होती. बसनं. तिथं तिनं विचारलं होतं की हिस्सा न सोडता घर विकता येतं का, विकणारे दोघं-तिघं असले तर घेणाऱ्याला त्रास होतो का, सोसायटीचा ना-हरकत दाखला कुणाच्या नावानं मागायचा, आईचा भागदाखला, म्हणजे सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, हरवला असेल तर काय करायचं, आणि विकलेल्या घराचा ताबा कधी द्यायचा असतो, सहीआधी की सहीनंतर. देशिंगकरांनी तिला चहा पाजला होता आणि सांगितलं होतं की तिघांनी एकत्र विकणं हाच सगळ्यात सरळ रस्ता आहे, हक्कसोडीची गरजच नाही.

‘मग हा तांबोळी...’ शिवा वळला. तांबोळी तोवर मोटारसायकलला किक मारत होता.

‘अक्का,’ शिवा आता हळू बोलला, ‘तुझा माझ्यावर विश्वास नाही का? मागची खोली मी तुला...’

‘शिवा, त्या खोलीत तीन सिलिंडर आहेत, पंपांची खोकी आहेत, आणि तुझी शाळेतली सायकल आहे. ती रिकामी करायची असं रेखा एकदाही म्हणाली नाही. तिचं चुकलं नाही हं. तिलाही कुणी विचारलं नसणार.’

 ते खरं होतं. शिवा गाडीत बसला आणि आम्हांला तिथंच सोडून निघून गेला. चारचाकी त्याची, त्यामुळे आम्ही दोघी बहिणी रस्त्यावर.

कोपऱ्यावर रसवंती होती. मी अक्काला बाकावर बसवलं आणि दोन ग्लास बिनबर्फाचे सांगितले. चरकाच्या घुंगरांचा आवाज थांबेपर्यंत मी दम धरला आणि मग सुरू झाले. ‘अगं, मला आधी का नाही सांगितलंस? एक फोन करायचास! मी शिवाला तिथल्या तिथं सरळ केलं असतं. हेच तर मी जन्मभर बायकांना सांगत आले. तू बोलायचं नाहीस आणि मग ऐन वेळी...’

‘मला वाटलं, तू बोलशील,’ अक्का म्हणाली.

‘काय?’

‘तुला बोलता येतं. मला वाटलं, साहेबांनी विचारलं की तू सांगशील, हे आम्हांला चालणार नाही म्हणून. मग माझी पाळी आली की मी म्हणणार होते, हिच्यासारखंच माझं.’ तिनं ग्लास दोन्ही हातांत धरला होता. ‘आठ दिवस तेवढं एकच वाक्य म्हणून बघत होते. पोरांची प्रार्थना चालू असताना मनात म्हणायची. हिच्यासारखंच माझं, हिच्यासारखंच माझं.’

मी माझा ग्लास बाकावर ठेवला.

‘बाहेर टेबलाशी तुझ्याकडे बघितलं. म्हटलं, आता बोलेल. तर तू पेन दिलंस. मग म्हटलं, आतमध्ये साहेबांसमोर बोलणार असेल, तिथं जास्त माणसं आहेत. तू पुढं घुसून बसलीस तेव्हा तर खात्रीच झाली.’ ती थोडी हसली. ‘मग तू पूर्ण स्वखुशीनं म्हणालीस. माझं वाक्य वाया गेलं. दुसरं जुळवायला वेळच नव्हता गं. तू फोटोला हसलीस, दुसऱ्यांदा काढायला लागला, तेवढाच काय तो वेळ.’

 युनियनमध्ये मी साहेबांच्या केबिनचं दार लाथेनं उघडलं आहे. उपोषणाला बसले आहे, पोलिसांच्या गाडीत घोषणा देत गेले आहे. पण फोनवर शिवाचा आवाज भरून आला तेव्हा मला जे सुख झालं होतं, ते काय होतं हे त्या बाकावर बसून मला पहिल्यांदा कळलं. मला मोठी बहीण व्हायचं होतं. खरी मोठी बहीण शेजारी असताना. पुण्यात माझं स्वतःचं घर होतं, नवरा होता, पेन्शन येणार होती. मी जे सोडलं त्यानं माझं भांडंसुद्धा हललं नसतं. अक्काकडे त्या दोन खोल्यांपलीकडे जगात काही नव्हतं, आणि त्याही सोडून दे, ऊन चढतंय, असं मी तिला म्हणाले होते.

‘अक्का, चुकलं माझं.’

‘रस पी,’ ती म्हणाली. ‘काळा पडतो.’

महिन्याभरानं विक्रीचा दस्त झाला. विकणारे दोन: शिवानंद आणि गिरिजा. माझ्या वाट्याचं शिवाकडे गेलेलं होतं, पूर्ण स्वखुशीनं. मला नावाला जागा उरली ती शेवटच्या पानावर, साक्षीदार म्हणून. माझे मिस्टर हे ऐकून तीन दिवस हसत होते. चौथ्या दिवशी त्यांनी मला विचारलं, पुढच्या आठ मार्चचा विषय काय? मी त्यांच्याशी आठवडाभर बोलले नाही. त्या वर्षी मी भाषणालाही गेले नाही, घसा बसलाय म्हणून कळवलं.

शिवा दिवाळीपर्यंत अक्काशी बोलला नाही. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मात्र तिच्याकडे ओवाळून घ्यायला आला, कारण रेखानं त्याला पाठवलं. रेखा मला नंतर म्हणाली, ‘ताई, मला अक्कांची अडचण नव्हती. पण हे मला न विचारताच सांगत सुटले होते, हो.’

अक्कानं मिरजेत तळमजल्यावर एक खोली आणि स्वयंपाकघर असलेली जागा घेतली. त्या बिल्डरच्या माणसाचा मला पुण्याला फोन आला होता. ‘मॅडम, तुमच्या अक्कांना जरा समजवा. दर दोन दिवसांनी नवीन प्रश्न घेऊन येतात. आता विचारतायत, गच्ची कुणाची.’ मी त्याला म्हटलं, ‘मग कुणाची आहे ते सांगा की!’

तिथं ती नऊ वर्षं राहिली. समोरच्या चौकात पुन्हा बालवाडी सुरू केली, सात-आठ पोरं. दारावर पितळी पाटी लावली: गिरिजा होनराव. नवऱ्याचं नाही, आमच्या वडिलांचं आडनाव.

पहिल्यांदा मी राहायला गेले तेव्हा मोठी बॅग घेऊन गेले. आईच्या घरी जायचे तशीच घुसले, चपला कुठंही टाकल्या, पलंगावर पसरले आणि हाक मारली, ‘अक्का, चहा टाक गं.’

अक्का स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. हात पुसत तिनं माझ्याकडे पाहिलं, बॅगेकडे पाहिलं.

‘किती दिवस आहेस?’ तिनं विचारलं.

उभ्या आयुष्यात तिनं मला हे विचारलं नव्हतं. तिला विचारताच आलं नसतं. आधीची सगळी घरं दुसऱ्यांची होती, तिथं कुणी किती दिवस राहावं हे ठरवणारी ती कोण?

मी उठून नीट बसले. ‘दोन दिवस राहू का?’

अक्कानं जरा विचार केला.

‘राहा,’ ती म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.